आनेके यान्सची ६२ एकर जमीन

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. त्यामुळे डच म्हटलं की मला पहिली आठवते ती आमच्या गावची वखार, पडक्या भिंती, झाडं उगवलेली, आणि लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. वलंदेज आले, मिरी-मसाल्याचा धंदा केला, गेले, एवढंच आम्हाला माहीत. पुढे नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला गेलो आणि मॅनहॅटनमध्ये ट्रायबेका म्हणून भाग आहे तिथल्या एका ऑफिसात बरीच वर्षं बसलो, आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझा एक सहकारी मला म्हणाला, तू बसलायस ना, ती जागा खरं तर आमची आहे. मला वाटलं चेष्टा करतोय. तो म्हणाला नाही, आमच्या खापर खापर आजीचं शेत होतं इथे, चर्चने ढापलं.

तर आजची गोष्ट त्या आजीची. आनेके यान्स. न्यूयॉर्क इंग्रजांच्या आधी डचांची वसाहत होती, त्या काळातली ही बाई. अमेरिकेत वंशावळी शोधणाऱ्या लोकांमध्ये ही बाई इतकी प्रसिद्ध आहे की तिचं नाव काढलं की कोणीतरी हात वर करतंच, मी पण तिच्यातला! आता १० मुलं होती तिला, काही लहानपणीच गेली तरी उरलेल्यांची पिलावळ चारशे वर्षं वाढतेय म्हटल्यावर वंशज खंडीभर असणारच.

त्या सहकाऱ्याने मला जी गोष्ट सांगितली ती आधी सांगतो, कारण ती फार झकास आहे. आनेके ही म्हणे हॉलंडच्या राजाची नात. मोठा विल्यम, ऑरेंजचा विल्यम, त्याच्या मुलाने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून त्याला बेदखल केलं, पण नातवंडांसाठी राजाने भरपूर पैसा बँकेत ठेवला आणि सांगितलं अमुक पिढ्यांनंतर वाटा, आणि इकडे अमेरिकेत तिचं ६२ एकरांचं शेत होतं, मॅनहॅटनमध्ये, जिथे आज एकेका फ्लॅटची किंमत ऐकून घेरी येते, ते शेत ट्रिनिटी चर्चने गिळलं. म्हणजे एका बाजूला हॉलंडमध्ये खजिना आणि दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कमध्ये जमीन, आणि आपण मधे ईएमआय भरतोय.

तुम्ही हसताय, पण आपल्याकडे प्रत्येक घरात एक काका असतात की नाही ज्यांच्याकडे अशी गोष्ट असते, आपण मूळचे अमक्या सरदाराचे, सनद होती पण पुरात गेली. सनद कायम पुरातच का जाते कोण जाणे.

मग मी शोधायला लागलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती तारखांची. विल्यमचा खून झाला १५८४ मध्ये आणि आनेके जन्मली १६०५ च्या आसपास, म्हणजे जी नात त्याच्या मरणानंतर वीसएक वर्षांनी जन्मली तिच्या बापाचं लग्न पसंत नाही म्हणून तो रागावून बसलाय आणि तिच्यासाठी ठेवीही ठेवतोय. आणि मुळात हॉलंडला तेव्हा स्वतःचा राजाच नव्हता हो! आनेके जन्मली तेव्हा तर प्रजासत्ताक होतं ते, आणि विल्यम स्टाडहोल्डर होता, साधारण आपल्या सुभेदारासारखं पद.

दुसरी गोष्ट ऍमस्टरडॅमची रजिस्टरं. तिथे लग्न करायच्या आधी नोंद करावी लागायची, वर कुठला, वधू कुठली, वय काय, धंदा काय, सोबत कोण आलंय, आणि ही रजिस्टरं सोळाव्या शतकापासूनची शाबूत आहेत, आता तर घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतात. त्यात १६२३ च्या एप्रिलमध्ये एक जोडपं आहे. मुलगा रूलोफ यान्स, खलाशी, वय २१, गाव मार्स्ट्रँड. मुलगी आना यान्स, म्हणजे आपली आनेके, वय १८, गाव फ्लेकरॉय, नॉर्वे. सोबत मुलीची आई.

नॉर्वे! म्हणजे जिला सगळे डच वसाहतीची आद्य आजी वगैरे म्हणतात ती डच नव्हतीच. नॉर्वेच्या दक्षिण टोकाला एक छोटं बेट आहे, तिथली. आणि नवऱ्याचं मार्स्ट्रँड तेव्हा नॉर्वेत होतं, आता स्वीडनमध्ये आहे. ऍमस्टरडॅम म्हणजे त्या काळची मुंबई समजा, आमच्या कोकणातली पोरं कशी गिरणीत नि बोटीवर कामाला यायची तशी उत्तरेकडची पोरं तिथे यायची, मुली घरकामाला, मुलगे जहाजावर. राजवाडा नाही, खोली करून राहणारी माणसं.

नावाचं सांगतो, कारण तिथे भलभलते लोक फसलेत. यान्स हे आडनाव नाही. यानची मुलगी ती यान्स, यानचा मुलगा पण यान्स. म्हणून नवराबायको दोघंही यान्स, आणि ते भाऊबहीण नाहीत. आपल्यासारखंच, मधे बापाचं नाव, फक्त पुढे काही नाही. पण एक फरक आहे तो मला भारी आवडला. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव जातं, आडनाव जातं, काही घरांत तर पहिलं पण बदलतात, तांदळात लिहून. डच वसाहतीत बाई आपल्या बापाच्या नावानेच राहायची, दोन लग्नं केली तरी आनेके यान्स ती आनेके यान्स. त्यामुळे ती सापडते. पुढे इंग्रज आले, त्यांचा कायदा आला, बाई नवऱ्याच्या नावात विरघळली, मग शोधणारे बसलेत डोकं धरून.

हे माझं मत आहे, कोणाला पटो न पटो, बाई कागदावर केव्हा येते? जमीन असली की, भांडण झालं की, आणि मेली की. आनेकेच्या बाबतीत तिन्ही आहेत म्हणून आज आपण बोलतोय.

आधी जमिनीकडे कशी आली ते. १६३० मध्ये हे कुटुंब जहाजाने निघालं, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, आताच्या ऑल्बनीजवळ, व्हान रेन्सलेर नावाच्या ऍमस्टरडॅमच्या हिऱ्याच्या व्यापाऱ्याने मोठी जहागीर घेतली होती, तिथे शेती करायला. पगार वर्षाला १८० गिल्डर. खलाशाला शेतकरी केला, आता काय पिकवणार तो! पण तिकडे एक ओढा आहे त्याला आजही रूलोफ यान्सचं नाव आहे. काही वर्षांत ते खाली मॅनहॅटनला आले. आनेकेची आई त्रैन योनास पण आली होती, ती वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीची सुईण होती, आणि कंपनीने सुईणीला राहायला घर बांधून दिलं होतं. आमच्या वेंगुर्ल्याची ती पूर्वेकडची कंपनी, ही पश्चिमेची, वेगळी, १६२१ ची. आमच्याकडे आले ते व्यापारी, इकडे यांनी बायकापोरं, सुईण, पाद्री सगळं आणलं. राहायला आलेले लोक सुईण आणतात.

१६३६ मध्ये रूलोफला हडसन नदीच्या कडेची ही जमीन मिळाली, ६२ एकर. मिळाली म्हणजे कंपनीने दिली, आणि कंपनीने कोणाकडून घेतली, तर तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांकडून, ज्यांच्या मते जमीन विकता येते ही कल्पनाच विचित्र होती. पिढ्यान्पिढ्या वारस कोर्टात भांडले की जमीन आमची का चर्चची, आणि तिसरं नाव कोणी घेतच नाही.

जमीन मिळाली आणि वर्षभरात रूलोफ मेला. आनेके तिशीच्या आतबाहेर, पदरात पोरं. १६३८ मध्ये तिने गावच्या पाद्र्याशी लग्न केलं, एव्हरार्दुस बोगार्दुस. हा मुळात एव्हर्ट विलेम्स, अनाथाश्रमात वाढलेला, शिकल्यावर नाव लॅटिन करून घेतलं. तिथपासून त्या शेताला पाद्रीबुवांचं शेत म्हणायला लागले. शेत बाईचं, नाव बुवांचं.

आता भांडण. हा माझा सगळ्यात आवडता कागद. त्याच वर्षी गावातल्या एका बाईने, ग्रीट रेनियर्सने, आनेकेच्या चालचलणुकीबद्दल काहीतरी कुजबूज सुरू केली आणि प्रकरण कौन्सिलपुढे गेलं. आरोप काय, तर पाद्र्याची बायको लोहाराच्या दुकानावरून जाताना परकर वर उचलून चालली, घोटे दिसले! मग साक्षीदार आले आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की हो, उचलला थोडा, पण रस्त्यात चिखल होता, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. मला हे वाचताना एकदम आमचा वेंगुर्ल्याचा पावसाळा दिसला, बायका एका हाताने निऱ्या धरून चिखलातून चालल्यायत. राजाच्या नातीच्या गोष्टीत असं एकही वाक्य नाही. ग्रीटला आणि तिच्या नवऱ्याला पुढच्या वर्षी मॅनहॅटनमधून हद्दपार केलं, त्यांच्या इतरही भानगडी होत्या, तो वेगळा विषय आहे, त्यावर बोललो तर रात्र होईल.

बुवांचं आणि गव्हर्नर विलेम कीफ्टचं जमायचं नाही. कीफ्टने १६४३ मध्ये नदीपलीकडे आसऱ्याला आलेल्या मूळ रहिवाशांची रात्रीत कत्तल करवली, बायकामुलांसकट, बुवांनी त्याच्यावर उघड टीका केली, तर कीफ्ट प्रार्थना चालू असताना बाहेर ढोल वाजवायला लावायचा, तोफा उडवायचा. शेवटी दोघं आपापली बाजू मांडायला हॉलंडला निघाले ते एकाच जहाजातून, १६४७ मध्ये, आणि वेल्सच्या किनाऱ्याला जहाज फुटून दोघंही बुडाले.

आनेके दुसऱ्यांदा विधवा. ती वर बेव्हरवैकला, म्हणजे आताच्या ऑल्बनीला गेली, पण शेत सोडलं नाही, १६५४ मध्ये नवीन गव्हर्नरकडून, स्टायव्हेसंटकडून, स्वतःच्या नावाने पक्कं करून घेतलं. मोठी मुलगी सारा तर आणखी पुढची, तिला तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा इतकी चांगली यायची की तहाच्या बोलण्यांना सरकार तिला दुभाषी म्हणून नेत असे, आणि ओराटाम नावाच्या त्यांच्या म्होरक्याने तिला न्यू जर्सीत दोन हजार एकरांवर जमीन दिली. साराच्या वारसांची कोर्टकचेरी मात्र कोणी ऐकलेली नाही!

१६६३ च्या जानेवारीत आनेकेने मृत्युपत्र केलं. त्यात म्हटलंय की शेत विकून पैसे येतील त्यातले १००० गिल्डर आधी पहिल्या नवऱ्याच्या मुलांना, त्यांच्या बापाचं होतं म्हणून, मग उरलेल्याचे सारखे वाटे, मुलगे-मुली सगळ्यांना. नातवंडांना चांदीचे पेले. एक गादी, एक दुभती गाय, असले बारीक हिशेब. आणि खाली सहीच्या जागी खूण आहे, तिला लिहिता येत नव्हतं.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. हे बघितल्यावर मला माझ्या पणजीचं माहेर शोधायची खुमखुमी आली. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे छापलेला, त्यात पुरुष सहा-सात पिढ्या, पणजीच्या जागी नुसतं 'पत्नी'. त्र्यंबकेश्वरला गुरुजींच्या वहीत पण तसंच, बाप-आजा-पणजा. आजीला फोन केला तर म्हणते, तुका कित्याक व्हया ता? शेवटी पणजी सापडली तलाठ्याकडे, जुन्या फेरफाराच्या नोंदीत. पणजोबा गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं होतं, आणि खाली निशाणी डावा अंगठा.

असो. आनेके मृत्युपत्रानंतर महिन्याभरात गेली. पुढच्या वर्षी इंग्रज आले, म्हणजे न्यूयॉर्क हे नावही तिने ऐकलं नाही. १६७१ मध्ये वारसांनी शेत इंग्रज गव्हर्नरला विकलं, पण एका मुलाच्या, कॉर्नेलिसच्या वारसांच्या सह्या राहिल्या. तेवढी एक फट! पुढे ते शेत सरकारजमा, मग १७०५ मध्ये राणी ॲनने ट्रिनिटी चर्चला दिलं, शहर वाढलं, भाव चढले, आणि त्या एका न झालेल्या सहीवर दीडशे वर्षं दावे चालले. १८४७ मध्ये कोर्टाने सविस्तर निकाल दिला की इतका काळ चर्चचा कब्जा आहे, आता काही उरलेलं नाही. मिटलं? छे. तिथून तर धंदा सुरू झाला. वारसांच्या संघटना निघाल्या, फी भरा, वंशावळ दाखवा, हिस्सा मिळेल, आणि राजाची गोष्ट या मंडळींनीच फुगवली, कारण नॉर्वेच्या खलाशाच्या बायकोसाठी वर्गणी कोण देणार.

एवढं सगळं कळतं ते कागद राहिले म्हणून, आणि ते कसे राहिले तेही बघा. हॉलंडमधलं कंपनीचं बरंचसं दप्तर १८२१ मध्ये सरकारनेच रद्दीत विकलं. ऑल्बनीत १९११ च्या मार्चमध्ये लायब्ररीला आग लागली, आणि डच कागद वाचले कारण ते खालच्या फळीवर होते, वरचे इंग्रजी कागद त्यांच्यावर कोसळले आणि जळाले. व्हान लार म्हणून गृहस्थ होते, त्यांनी केलेलं भाषांतर राख झालं, ते परत कामाला लागले. १९७४ पासून चार्ल्स गेरिंग तेच काम पुढे नेत आले. चिखलाची ती साक्ष अशी हाताहातातून आलीय.

कोणीतरी विचारलं, त्या सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं का? सांगितलं ना, पार रजिस्टरचा फोटो दाखवला. तो खूप वेळ फ्लेकरॉय शब्दाकडे बघत बसला, म्हणाला बेट कसं आहे, बघायला जायला पाहिजे. मग दुसऱ्या दिवशी घरून एक पाकीट घेऊन आला, त्यात त्याच्या पणजीने वारस संघटनेला फी भरल्याची पावती, घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. म्हटलं आता ही फेकून देशील? तर म्हणाला, छे, वेडा आहेस का, असू दे.