कुरसुराचा जीव पायाखाली

श्रोतेहो, नमस्कार.

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर एक अख्खी पाणबुडी वाळूवर उभी आहे, आयएनएस कुरसुरा. लांबी 91 मीटर. आत एका कक्षातून दुसऱ्यात जायचं तर गोल दारातून अंग चोरूनच जावं लागतं. लोक रेंगाळतात ते पुढच्या सहा टॉर्पेडो नळ्यांपाशी. पण तिचा खरा जीव होता पायाखालच्या बॅटरीत.

18 डिसेंबर 1969 ला सोव्हिएत संघातल्या रिगा इथं ती आपल्या नौदलात आली. फॉक्सट्रॉट या सोव्हिएत पाणबुड्यांच्या वर्गातली, तीन डिझेल इंजिनं, तीन प्रॉपेलर. डिझेलला हवा हवी, म्हणून खोल पाण्यात मोटारींवर चालायचं. त्यांना वीज पुरवणारे लेड-ॲसिडचे 448 सेल, 112 चा एक असे चार गट. रांगत गेलं तर चार्जिंग काही दिवस पुरवता येतं. पूर्ण वेगानं पळालं की तास-दीड तासात खलास.

मग बॅटरी पुन्हा भरायला पेरिस्कोप पाण्याबाहेर निघेल इतकं वर यायचं, हवा ओढणारी स्नॉर्केलची नळी वर काढायची आणि डिझेल सुरू करायचं. लाट आदळली की नळीची झडप मिटते. इंजिन मात्र चालूच, ते बोटीतलीच हवा ओढतं. आतला दाब झपकन उतरतो, कानांत दडे बसतात. झडप लवकर उघडली नाही तर इंजिन बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय डिझेलचा आवाज दूरवर जातो, नळी रडारवर दिसते. पाणबुडीला सगळ्यात जास्त धोका असतो तो याच वेळी.

बॅटरी भरत आली की हायड्रोजन सुटतो. हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरे, म्हणून तो सतत मोजायचा, पंखे चालू ठेवायचे. समुद्राचं पाणी सेलमध्ये शिरलं तर क्लोरीन वायू सुटतो, तोही जीवघेणा. एकाच मालिकेतला एखादा सेल दुबळा असला तर बॅटरी उतरताना तो उलटा चार्ज होतो, तापतो. म्हणून सेलागणिक ॲसिडची घनता तपासायची, डिस्टिल्ड वॉटर घालायचं. कंटाळवाणं काम, पण यात कुचराई चालतच नाही.

नोव्हेंबर 1971 मध्ये कुरसुरा अरबी समुद्रात गस्तीवर होती. 4 डिसेंबरला ती मुंबईला परतली, आणि त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. 1976 मध्ये तिला बाजूला काढलं आणि तिचे सुटे भाग काढून बाकीच्या पाणबुड्या चालू ठेवल्या. हीसुद्धा तिची सेवाच. पुढे मोठी दुरुस्ती होऊन ती पुन्हा समुद्रात गेली. 27 फेब्रुवारी 2001 ला निवृत्त झाली तेव्हा तिचा प्रवास झाला होता 73,500 सागरी मैल. ऑगस्ट 2002 पासून ती संग्रहालय आहे.

तिथं गेलात तर दुसऱ्या आणि चौथ्या कक्षात जरा थांबा. ते सेल त्याच फरशीखाली होते, आणि त्यांच्यावरच माणसं झोपत होती.