गाळ्यात नहाणी ट्रॅप बसवण्याआधी हे बघा

नमस्कार! मुलुंडमध्ये माझं लोणची-चटण्यांचं छोटं युनिट आहे, आणि आज मी तुमच्याशी फक्त जमिनीवरच्या पाण्याबद्दल, म्हणजे ते गटारात सोडणाऱ्या जाळीच्या नहाणी ट्रॅपबद्दल बोलणार आहे.

माझ्या पहिल्या गाळ्यात मी प्लंबरला सांगितलं, "दादा, बाथरूमला लावता तसाच नहाणी ट्रॅप लावा." त्यांनी लावला. पहिल्याच आठवड्यात 200 लिटरचं भांडं धुऊन तिरपं केलं आणि सगळं पाणी पॅकिंगच्या टेबलाखाली शिरलं. हिशोब साधा होता, मी केला नव्हता. 200 लिटर दोन मिनिटांत ओतलं, तर सेकंदाला दीड लिटरहून जास्त पाणी येतं. म्हणून दुकानात "चार इंची की सहा इंची?" एवढंच विचारू नका. "सेकंदाला किती लिटर ओढतो?" हे विचारा.

[जाळी हातात घेऊन]

भांडी एका रांगेत असतील तर मी लांब चॅनेलच, म्हणजे जाळीने झाकलेली सरळ नाली घेईन. चौकोनी ट्रॅपला चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो, त्यामुळे टेबलं डुगडुगतात. चॅनेलला एकाच बाजूचा ढाळ पुरतो, मीटरला एक ते दोन सेंटिमीटर. आतला तळ गोलाकार हवा, कोपऱ्यात मोहरी आणि कढीपत्ता अडकून कुजतो. गाळणीची टोपली पाना-स्क्रूड्रायव्हरशिवाय हाताने निघायला हवी. नाहीतर ती रोज धुतली जात नाही, हे मी खात्रीने सांगते.

स्टील कुठलं? 304 आणि 316 हे स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार. मीठ आणि व्हिनेगर असेल तर 304 वर बारीक खड्डे पडतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त टिकतं. महाग आहे, पण लोणच्याच्या युनिटला तेच घ्या. उकळतं पाणी सोडणार असाल तर खाली साधा पीव्हीसी पाइप नको, तो मऊ पडून वाकतो.

ट्रॅपमध्ये निदान 50 मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. मे महिन्यात युनिट बंद ठेवलं तर हे पाणी सुकतं, तेव्हा अधूनमधून तांब्याभर पाणी ओता. सुक्या मसाल्याच्या खोलीत तर मी ट्रॅप ठेवतच नाही.

तळमजल्यावर असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेरच जाऊ देणारी झडप, हवाच. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की बाहेरची चेंबरं भरतात आणि घाण पाणी उलटं आत येतं. वरच्या मजल्यावर असाल तर स्लॅब फोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि वॉटरप्रूफिंग ट्रॅपच्या कडेपर्यंत नेऊन घ्या. खालच्या गाळ्याचं छत गळतं ते बहुतेक याच जोडातून.

लादी बसली की मशीन आणण्याआधी बादल्यांनी पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. जिथे डबकं साचलंय तिथे खडूने गोल काढा आणि कॉन्ट्रॅक्टरला बोलवा. मशीन बसल्यावर तो कोपरा परत हाताला लागणार नाही.