यकृताचा श्वास मोजताना

[दृश्य: तळहातावर पारदर्शक चिप]

पेन ड्राइव्हएवढी चिप. संगणकातली नव्हे. मऊ, सिलिकॉन रबराची, आत बारीक नळ्या. त्यांतून पोषक द्राव वाहतो, त्यावर अवयवाच्या पेशी जगतात आणि औषध माणसाला देण्याआधी त्यांच्यावर तपासता येतं. २०१० साली हार्वर्डमधल्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने अशाच एका चिपवर माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवल्या आणि त्यांना श्वासासारखा ताणही दिला. त्यानंतर यकृत, आतडं, मूत्रपिंड, सगळ्यांच्या चिप आल्या.

पण आत काय चाललंय ते कळायचं कसं? नेहमीची रीत म्हणजे बाहेर आलेला द्राव अधूनमधून तपासायचा आणि शेवटी पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. नाडी बघायची सोडून शवविच्छेदनच म्हणा ना!

[दृश्य: प्लॅटिनमची बारीक तार]

पेशींची नाडी म्हणजे त्या किती ऑक्सिजन वापरतात ते. तो मोजायला लेलँड क्लार्क यांचा १९५६ सालचा इलेक्ट्रोड आहे. खात्रीचा. फक्त मोजता मोजता तो स्वतःच ऑक्सिजन खातो. रक्ताच्या नमुन्यात ते खपतं. इथे मात्र पेशींच्या ताटातलाच घास जातो.

[दृश्य: अंधारात चमकणारे मणी]

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात याकोव्ह नहमियास यांच्या गटाने म्हणून प्रकाशाची वाट धरली. रुथेनियम या धातूचा रंग भरलेले सूक्ष्म मणी त्यांनी यकृताच्या पेशींमध्येच पेरले. प्रकाश पडला की मणी तांबूस चमकतात आणि विझतात. भोवती ऑक्सिजन भरपूर असेल तर झटकन, कमी असेल तर रेंगाळत. मोजायचं ते हे रेंगाळणं. मणी किती उजळला याला महत्त्व नाही, त्यामुळे फोकस थोडा हलला तरी आकडा बिघडत नाही. साधीच युक्ती, पण मला तरी सगळ्यात देखणी वाटते ती हीच.

जोडीला ग्लुकोज आणि लॅक्टेट (पेशी ऑक्सिजनशिवाय साखर वापरतात तेव्हा उरणारा पदार्थ) मोजणारे सेन्सर. २०१६ साली त्यांनी यावर ट्रोग्लिटाझोन तपासलं. यकृताला होणाऱ्या इजेमुळे अमेरिकेत २००० साली मागे घेतलेलं मधुमेहाचं औषध. पूर्वी सुरक्षित मानलेल्या मात्रेतही पेशी ऑक्सिजनवरून बिनऑक्सिजनच्या मार्गाकडे वळताना दिसल्या. मेलेल्या नव्हत्या, पण दमलेल्या होत्या.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची नळी]

भारतातही मार्च २०२३ पासून औषधाच्या चाचण्यांच्या नियमांत अशा चिपना जागा मिळाली आहे. अडचणी मात्र शिल्लक आहेत. हे रबर काही औषधं स्वतःच शोषून घेतं. आणि हवेचा बुडबुडा! केसाएवढ्या नळीत एक जरी अडकला, की प्रवाह थांबतो, पेशी उपाशी राहतात आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. हा बघा, डावीकडून एक येतोच आहे.