ती आठवण कोणाची होती?

तुमच्यापैकी ज्यांनी ‘मॉन्स्टर’ वाचलेलं नाही, त्यांची आधीच क्षमा मागते. आज मी शेवटापर्यंतचं सगळं सांगणार आहे. ते झाकून ठेवलं तर या कथेबद्दल मनातलं काही बोलताच येणार नाही.

नाओकी उरासावा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९४ ते २००१ या काळात जपानमध्ये क्रमशः आली. तिचे १८ खंड झाले. कथा मात्र घडते जर्मनीत आणि प्रागमध्ये. १९८६ साली ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात डॉ. तेन्मा हा जपानी मेंदूशल्यविशारद वरिष्ठांचा हुकूम मोडतो. महापौरांऐवजी तो आधी आलेल्या, डोक्यात गोळी लागलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करतो. मूल वाचतं, महापौर दगावतात. नऊ वर्षांनी तोच मुलगा, योहान, तेन्माच्या डोळ्यांदेखत त्याच्या एका पेशंटला गोळी घालतो.

म्हणजे खुनी कोण, हे लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो. उरतं ते एवढंच, की हा मुलगा असा का झाला.

आणि इथे आपण वाचक अधीर होतो. पूर्व बर्लिनमधला अनाथाश्रम, ‘किंडरहाइम ५११’, कथेत आला तेव्हा मला अक्षरशः हायसं वाटलं. मुलांच्या भावना पुसून त्यांना घडवण्याचा प्रयोग तिथे चालायचा. मला वाटलं, सापडलं कारण! पण पुढे कळतं की त्या आश्रमातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठली ती योहाननेच पेटवल्यामुळे. तो तिथे पोचला तेव्हाच तसा होता. शिवाय त्याच आश्रमातून ग्रिमर नावाचा माणूसही बाहेर पडलेला आहे. त्याला हसायचंसुद्धा शिकून घ्यावं लागलं, स्वतःचा मुलगा गेला तेव्हा रडू आलं नाही, आणि तरी तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी जीव धोक्यात घालतो. रुहेनहाइम गावात मरता मरता मुलाच्या मृत्यूचं दुःख अखेर त्याच्यापर्यंत पोचतं. ते पान मी आजही घाईने उलटू शकत नाही. त्याच आश्रमातून ग्रिमरसारखा माणूस निघू शकतो, हे पाहिल्यावर माझं सापडलेलं कारण हातातून निसटलं.

मग प्रागमधला ‘लाल गुलाबांचा वाडा’ येतो. तिथे जुळ्या भावंडांतल्या एका मुलाला नेलं होतं, आणि त्या मुलाने माणसांचा एक अख्खा जमाव विषाने मरताना पाहिला. इतका वेळ आपण धरून चाललेलो असतो की ते मूल योहान. त्याची जुळी बहीण, नीना, तिलाही तसंच आठवतं: मी घरी होते, तो परत आला, मी दार उघडलं. आणि मग उलगडतं की वाड्यात गेली होती ती नीना. योहान घरीच थांबला होता. ती परतली, तिने पाहिलेलं सगळं त्याला सांगितलं, आणि त्याने ते इतकं मन लावून ऐकलं की ते त्याचंच होऊन बसलं.

काही वाचकांना ही फसवणूक वाटते. मला ते पटत नाही. दोघांचा चेहरा एक, लहानपणी दोघांना मुलीचेच कपडे घातलेले, चित्र काळंपांढरं आणि आवाज नाही. लेखकाने काही लपवलेलं नाही. मूल आपल्यासमोरच उभं होतं, नाव आपण दिलं. खरं तर लहानपणी या दोघांना स्वतःचं नावच ठाऊक नव्हतं. योहान आणि अ‍ॅना (नीनाचं आधीचं नाव) ही नावं नंतरची. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं आणि मूल कोणाचं तरी होतं. इथे नावाची जागा रिकामी राहिली आणि तिथे बहिणीची भीती येऊन बसली.

हे कळलं तेव्हा मला योहानची कणव आली. इतक्या खुनांनंतर! त्या कणवेची मला लाज वाटली, आणि तरी ती गेली नाही. तो राक्षस झाला तो स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगाने नव्हे. दुसऱ्याचं दुःख ऐकून, ते स्वतःचं मानून झाला. ऐकणं हा आपण गुण समजतो. म्हणून हा उलगडा मला इतका झोंबला.

एक प्रश्न मात्र उरतोच. वाड्यात न्यायला माणसं आली तेव्हा आईला दोघांतलं एक द्यायचं होतं. शेवटच्या प्रकरणात योहान तेन्माला विचारतो, आई मला वाचवत होती, की तिने मला बहीण समजून धरून ठेवलं? नको असलेलं मूल आमच्यातलं कोणतं? हे तो खरोखर विचारतो की तेन्माला भास होतो, तेही ठरवता येत नाही, कारण पुढच्या क्षणी योहान खाटेवर बेशुद्धच पडलेला दिसतो. आणि अगदी शेवटी त्याची खाट रिकामी आहे.

आईचा तो चेहरा मी कितीतरी वेळा निरखून पाहिला आहे. तिची नजर कोणत्या मुलाकडे आहे, ते मला अजून कळलेलं नाही.