ब्राउन: सिंग आडनावाची मेक्सिकन पोरं

कॅलिफोर्निया, इम्पीरियल काउंटी, १९२० च्या आसपासची गोष्ट. लग्नाच्या लायसन्सचा फॉर्म. नाव, वय, गाव आणि मग एक रकाना, वंश. काउंटरच्या अलीकडे जालंधर नाहीतर होशियारपूरकडचा एक शेतकरी, शेजारी मेक्सिकोतून आलेली पोरगी, आणि दोघांना मिळून येणारी भाषा एकच, ती म्हणजे त्यानं शेतात मजुरांबरोबर राहून उचललेली मोडकीतोडकी स्पॅनिश. गोऱ्यांनी काळ्यांशी किंवा आशियाई लोकांशी लग्न करायला तेव्हा तिथे कायद्यानं बंदी होती, आणि गंमत बघा, मेक्सिकन माणूस कागदोपत्री गोरा धरला जायचा. मग क्लार्क काय करतो, तर दोघांच्या तोंडाकडे एकदा बघतो आणि दोन्हीकडे लिहून टाकतो, ब्राउन. झालं काम. सगळेच क्लार्क असे नव्हते, काहीजण सरळ नाही म्हणायचे, मग जोडपं दुसऱ्या काउंटीत जायचं, वेळ पडली तर दुसऱ्या राज्यात.

हा सगळा भाग मूळचा वाळवंटच. १९०१ साली कोलोराडो नदीचं पाणी कालव्यानं आलं आणि कापूस उभा राहिला. पंजाबातून आलेले, बहुतेक शीख, थोडे मुसलमान, थोडे हिंदू, इथे खंडानं शेती करायला लागले. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून येणंच बंद झालं, म्हणजे गावाकडून बायको आणता येईना, आणि स्वतः गावी गेलं तर परत आत घेतील याची खात्री नाही. दुसरीकडे १९१० नंतरच्या क्रांतीच्या धामधुमीतून मेक्सिकन कुटुंबं सीमा ओलांडून त्याच शेतात कापूस वेचायला आलेली. एका बहिणीनं एका सिंगशी लग्न केलं की दुसरी बहीण बरेचदा त्याच्याच पार्टनरच्या घरात जायची. कॅरेन लेनर्ड या संशोधक बाईंनी अशा पंजाब्यांच्या ३७८ लग्नांची नोंद केली, त्यात दर पाचात चार बायका स्पॅनिश बोलणाऱ्या.

(जाता जाता: याच पंजाबी शेतकऱ्यांत गदर पार्टीचं, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या क्रांतिकारक संघटनेचं, काम केलेले आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पुढे स्वतःच मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या कृषी शाळेत मक्यावर काम करत राहिले. ती गोष्ट परत कधीतरी.)

लोक अजून म्हणतात की ही लग्नं जमिनीसाठी झाली. मला हे पटत नाही. १९२३ मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या शीख माणसाच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व नाही, आणि नागरिक होता येत नाही म्हणून कॅलिफोर्नियात जमीनही नाही. पण लग्न करून जमीन मिळत नव्हतीच, बरेचदा बायको स्वतःच नागरिक नसायची. जमीन झाली ती पोरांच्या नावावर, कारण पोरं अमेरिकेत जन्मलेली.

आणि ही पोरं कोण? नाव होसे, मारिया, आडनाव सिंग. चर्चमध्ये बाप्तिस्मा, बापाचा दोस्त कॅथलिक नसला तरी पाद्रिनो म्हणजे धर्मपिता म्हणून उभा. घरात स्पॅनिश, पंजाबी फक्त बाप मित्रांत बसला की कानावर पडणार. गावात सगळ्यांना एकच नाव, हिंदू, मग तो शीख असो की मुसलमान, अमेरिकन जनगणनेत तर १९२० ते १९४० 'हिंदू' हा चक्क एक वंश होता! १९४७ ला तिकडे फाळणी झाली आणि इकडे वाळवंटात बसून काही घरं एका फटक्यात 'स्पॅनिश पाकिस्तानी' झाली. पोरांनी लाहोर बघितलेलं नाही, दिल्ली नाही.

स्वयंपाकघरात मात्र कुणी काही विचारलं नाही. बायका लग्नाआधी रोटी करत नव्हत्या, नवऱ्यांनी शिकवली, हात टॉर्टिलावर, म्हणजे मेक्सिकन पोळीवर, बसलेलाच होता. उत्तर कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीत रसूल कुटुंबाचं एल रँचेरो नावाचं हॉटेल होतं, तिथली रोटी केसादिया फेमस. तुपकट पराठ्यासारखी रोटी, आत वितळलेलं चीज, कांदा, बीफ, घडी घालून तव्यावर.

मग १९६५ ला अमेरिकेत येण्याचा कायदा बदलला आणि पंजाबातून नवीन लोक आले, बायकापोरांसकट. १९१२ पासून चालू असलेल्या स्टॉकटनच्या गुरुद्वारात जुनी मंडळी खुर्च्यांवर बसायची. नव्यांनी खुर्च्या काढल्या, डोकं झाका म्हणाले, आणि ज्यांच्या बापांनी त्या गुरुद्वाराला वर्गणी दिली होती त्यांच्याकडे, हे कोण आले, असं बघायला लागले. जुन्यांच्या पोरांनी युबा सिटीत वेगळा डान्स सुरू केला, ख्रिसमसच्या सुमाराला, ओल्ड टायमर्स नावानं.