जुन्या जीपचे ब्रेक : डिस्क बसवण्याआधी

मंडळी, आपल्याकडे जीप सजवताना 31 इंची टायर येतात, दुसरं इंजिन येतं, कापसाच्या दिवसांत मागे दाबून माल भरला जातो. ब्रेक मात्र कंपनीतून आलेलेच राहतात. वेग 40 चा 80 झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. 28 इंची टायरच्या जागी 31 इंची बसवला, की पायाच्या तेवढ्याच जोरात रस्त्यावरचा रोध सुमारे 10 टक्के घटतो. म्हणजे टायर बदलला त्याच दिवशी ब्रेक कमी झाला.

तरी डिस्कचा किट लगेच घेऊ नका, आधी ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला आतून ब्रेक लागतो) उघडा. पांदण रस्त्यानं फिरलेल्या गाडीत काळ्या मातीचा थर लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) आणि ड्रम दोन्ही घासून टाकतो. ही धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. ड्रम लेथवर टर्न करायचा तर त्यावर ओतलेली कमाल व्यासाची मर्यादा वाचा. ती ओलांडलेला ड्रम भंगारातच जायला हवा. अ‍ॅक्सलच्या सीलमधून ऑइल गळून लायनर भिजला असेल तर पेट्रोलनं धुऊन भागत नाही. सील बदला आणि दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. लोखंडी नळी गंजली की तिथे तांब्याची नळी जोडतात, तेही करू नका. तांबं कंपनानं तडकतं. स्टीलचीच नळी घ्या, तोंडाला डबल फ्लेअर करून, म्हणजे कड दुहेरी दुमडून पसरवून.

एवढं झाल्यावरही ब्रेक कमी वाटला तरच डिस्ककडे वळा. इथेच बहुतेक गाड्या बिघडतात. ड्रममधला पुढचा शू (लायनर बसवलेली कमान) चाकाच्या फिरण्यानं आपोआप आत ओढला जातो, पायाला ती फुकटची मदत असते. डिस्कला ती नाही, तिला दाब जास्त लागतो. पायाचा जोर 30 किलो आणि पेडलचं गुणोत्तर 6 (पेडल जोर सहापट करतं) धरलं तर मास्टर सिलेंडरवर, म्हणजे ऑइलला दाब देणाऱ्या पेडलमागच्या नळकांड्यावर, 180 किलो येतात. त्याचा बोअर (आतला व्यास) 1 इंच असेल तर दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 किलो, पाऊण इंच असेल तर 63. मोठा मास्टर म्हणजे मोठा ब्रेक, हा समज अगदी उलटा आहे. पण लहान बोअरमध्ये पेडल जास्त खाली जातं, आणि कॅलिपरला (डिस्कला पॅडनं चिमटणाऱ्या भागाला) ऑइलही जास्त लागतं. म्हणून बोअर फार लहान करून चालत नाही. त्याऐवजी बूस्टर लागतो, तो व्हॅक्यूमच्या ओढीनं पायाचा जोर वाढवतो.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) व्हॅक्यूम मिळत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावाच लागतो, बऱ्याचदा तो अल्टरनेटरवरच असतो. तपासायचं असं : इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल जरा खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. मास्टर दोन सर्किटचाच घ्या. एक नळी फुटली तरी चाकांच्या दुसऱ्या जोडीवर गाडी थांबते. ड्रमच्या लाइनमधला 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब धरून ठेवणारा) पुढच्या डिस्कला राहिला तर पॅड सतत घासत राहतात. तो काढा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश, पाणी मुरल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ पडतं. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे भरल्या गाडीनं उतरताना हाच फरक पेडलला जाणवतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, उतारावर गिअर खालचा ठेवा. नळीत अडकलेली हवा (एअर) काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत आधी मागचं डावं.

शेवटी मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर 30 च्या वेगानं जोरात ब्रेक मारून बघा. मागची चाकं आधी जाम होत असतील तर गाडी फिरेल. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा) लावून दाब कमी करा, आणि पुढची चाकं आधी धरेपर्यंत माल भरू नका.