ताप आला तरी लंघन नको

आपल्याकडे मूल तापलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, पोट हलकं ठेवा, नुसती पेज पाजा. बाकीची मुलं त्यातून सहज निभावतात. चयापचयाचे, म्हणजे अन्न पचल्यावर शरीरात ते वापरण्याचे, आजार असलेल्या ज्या मुलांचा आहार मी ठरवते, त्यांच्या मात्र हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आज मुख्यतः त्यावरच बोलते.

हे आजार जन्मतःच असतात. जनुकातल्या दोषामुळे एखादं एन्झाइम काम करत नाही. पीकेयूमध्ये (फिनाइलकीटोन्युरिया) प्रथिनातलं फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल रक्तात साठतं आणि मेंदूला इजा करतं. एमएसयूडीमध्ये (मेपल सिरप युरिन डिसीज) ल्युसिन हे अमिनो आम्ल आणि त्याची दोन भावंडं साठतात, लघवीला मेथीसारखा गोडसर वास येतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी पीकेयूच्या एका मुलीला फिनाइलअलानिन कमी केलेला आहार दिला, आणि तिच्यात सुधारणा दिसली. तेव्हापासून इथे पथ्य हेच औषध आहे, आणि औषधासारखंच ते मोजून द्यायचं असतं.

हिशेब ऐका. प्रथिनात साधारण ५ टक्के फिनाइलअलानिन असतं. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिन, म्हणजे १७५ मिलिग्रॅम फिनाइलअलानिन. तीव्र पीकेयू असलेल्या मुलाला बरेचदा दिवसाला २५० ते ३५० मिलिग्रॅमच झेपतं. दोन पोळ्यांत दिवसाचा वाटा संपतो! वरण, दूध, अंडी लांबच. उरलेलं प्रथिन फिनाइलअलानिन काढलेल्या खास पावडरीतून, म्हणजे फॉर्म्युल्यातून येतं. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतं, म्हणून शेंगदाण्याच्या कुटाशिवाय, भरपूर तूप घालून केलेली खिचडी या मुलांना पोटभर चालते.

आता खरा धोका. रक्ताचा रिपोर्ट वाढलेला पाहून घाबरलेली आई पोळी-भात सगळंच बंद करते. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं, त्यातून तेच अमिनो आम्ल सुटतं आणि रिपोर्ट आणखी वाढतो. तापात, उलट्यांत हेच वेगाने होतं. एमएसयूडी आणि युरिया सायकलच्या आजारांत (यांत प्रथिनातून तयार होणारा विषारी अमोनिया रक्तात साठतो) काही तासांत मूल गुंगीत जाऊ शकतं. म्हणून आजारपणात अन्नातलं प्रथिन डॉक्टर सांगतील तसं एक-दोन दिवस थांबवायचं, पण उष्मांक वाढवायचे: साखर घातलेली साबुदाण्याची कांजी, ग्लुकोजचं पाणी, झेपेल ते, थोडं थोडं, रात्रीसुद्धा उठवून. नंतर प्रथिन परत सुरू करायला विसरायचं नाही.

ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, साठत राहण्याच्या आजाराच्या पहिल्या प्रकारात तर उपाशीपणाच मुख्य शत्रू. तिथे कच्चं कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून ठरावीक तासांनी द्यावं लागतं. गरम पाण्यात ते शिजतं आणि त्याचा उपयोग जातो. कसारा-कर्जतहून येणाऱ्या पालकांना मी सांगते, पावसाळ्यात लोकल कुठेही अडकते, एक जादा पुडी आणि पाण्याची बाटली पिशवीत असूच द्या.

फॉर्म्युले बहुतेक परदेशी आणि महाग. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं आपलं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून यादीतल्या आजारांसाठी स्वतःपुरत्या मागवलेल्या अशा अन्नावरचं मूळ सीमाशुल्क माफ आहे. चौकशी करा, हक्काने करा.

आणि आजच एक कागद तयार करून घ्या, डॉक्टरांच्या सहीचा. त्यावर आजाराचं नाव, 'ग्लुकोजचं सलाइन लगेच, अमोनिया तपासा, रिपोर्टसाठी थांबू नका' एवढं हवं. मध्यरात्री जवळच्या कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांनी हा आजार कधी पाहिलेला नसेल, तेव्हा तोच कागद पुढे करा.